प्रश्नावली कोणापुढे ठेवायची? आरोग्यविषमतेच्या संशोधनातली माझी १४ वर्षं

निंबोळी

परवा दुसऱ्याच एका धाग्यावर ओघात लिहून गेले, की मी आरोग्यातल्या विषमतेवर संशोधन करते. त्यावरून विपुत (माझ्या विचारपूस-पानावर) तिघांनी विचारलं. एकाला हे काम म्हणजे नक्की काय ते हवं होतं, एकीला पीएचडीला हा विषय घ्यावा का ते, आणि तिसऱ्याने थेटच विचारलं, ‘याला पैसे कोण देतं?’ तिघांना वेगवेगळं लिहिण्यापेक्षा इथेच लिहिते. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

माणूस आजारी का पडला हे डॉक्टर बघतात. आम्ही बघतो, की ठरावीक माणसंच जास्त का पडतात आणि लवकर का जातात. घर कसलं, काम कसलं, पाळी किती तासांची, हवा कशी, शाळा कितवीपर्यंत झाली, दवाखान्यात गेल्यावर समोरचा कसा बोलतो. याला ‘आरोग्याचे सामाजिक निर्धारक’ असं भारदस्त नाव आहे. नाव भारदस्त आहे म्हणूनच ग्रँट मिळते, असं आमचे एक सर म्हणायचे.

प्रत्येक फरक म्हणजे विषमता नव्हे. म्हाताऱ्यांना तरुणांपेक्षा दुखणी जास्त, हा नुसता फरक. जो टाळता आला असता आणि टाळला नाही हा अन्याय आहे, ती विषमता. मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९० च्या सुमारास केलेली ही मांडणी आम्ही अजून पहिल्या तासाला शिकवतो. ‘अन्याय’ शब्द आला की वर्गात कोणीतरी हमखास विचारतं, ‘पण मग हे विज्ञान झालं का?’ मी विचारू देते.

आता माझ्या पीएचडीचा किस्सा. खरं तर धागा त्यासाठीच काढलाय.

विषय रक्तदाबाचा होता. फेरतपासणीला बोलावलेल्यांपैकी किती येतात आणि बाकीचे का येत नाहीत. दवाखान्याच्या नोंदींत एक रकाना होता, ‘गैरहजर’. मी चार पानी प्रश्नावली घेऊन त्या गैरहजरांच्या घरी जायचे. रक्तदाब म्हणजे काय माहीत आहे का, मीठ किती, गोळी चुकते का, तपासणी का चुकली: विसरले / गरज वाटली नाही / इतर. एक बाई होत्या पन्नाशीच्या, रात्रपाळीत कार्यालयं साफ करायच्या. सगळी उत्तरं नीट दिली. रक्तदाब म्हणजे काय हे तर माझ्यापेक्षा सोपं करून सांगितलं. मग कागद माझ्या हातातून घेतला, चारही पानं उलटून पाहिली, शेवटच्या पानाची कोरी बाजूसुद्धा पाहिली, आणि म्हणाल्या, ‘यात मुकादमाला विचारायचे प्रश्न कुठायत?’

मी म्हटलं, ते या अभ्यासात नाहीत.

‘मग दवाखान्याची वेळ ठरवणाऱ्याला?’

तेही नव्हते.

दवाखाना सकाळी ९ ते १२. बाईंची पाळी सातला सुटायची, घरी पोचायला साडेआठ. तिथून परत रांगेत जाऊन बसलं की झोप गेली. झोप गेली की रात्री कामावर डुलकी, डुलकी पकडली गेली की खाडा. हे सगळं माझ्या फॉर्मात ‘इतर’मध्ये बसत होतं. घरी येऊन मोजलं, तर जवळजवळ निम्मी माणसं ‘इतर’मध्ये होती. आणि मी पहिल्या मसुद्यात लिहून बसले होते, ‘आरोग्यविषयक जागृतीचा अभाव’. तो मसुदा अजून जपून ठेवलाय, लाज शाबूत राहावी म्हणून.

पुढचे आठ महिने त्या एका प्रश्नात गेले. एथिक्स कमिटीकडे पुन्हा जावं लागलं, कारण आता फॉर्म रुग्णापुढे नाही तर ठेकेदारापुढे आणि दवाखान्याचं वेळापत्रक लावणाऱ्यापुढे ठेवायचा होता. गंमत बघा. रात्रपाळी करून आलेल्या बाईला तासभर बसवून तिच्या घरातलं सगळं विचारायला परवानगी तीन आठवड्यांत मिळाली होती. वेळापत्रक कोण ठरवतं हे विचारायची परवानगी यायला चार महिने लागले. पाच ठेकेदारांना पत्रं पाठवली. एकाने वेळ दिला, तोही उभ्याउभ्या.

माझ्या पीएचडीत धड असं एकच प्रकरण आहे, आणि ते या चार महिन्यांनंतरचं आहे.

हे मला आधीच कळायला हवं होतं, कारण वाचलेलं होतं. लंडनच्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या १७,५३० पुरुषांच्या दहा वर्षांच्या नोंदी पाहिल्या. सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्यांच्या तिप्पट निघाला. ही माणसं काही रस्त्यावरची नव्हती. सगळ्यांना पक्की नोकरी, सगळ्यांना मोफत सरकारी आरोग्यसेवा. विड्या-सिगरेटी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरलं तरी फरकाचा मोठा भाग उरतच होता. आणि कडा कुठेच नव्हता, पायऱ्या होत्या. वरून दुसऱ्या श्रेणीतला माणूससुद्धा पहिल्या श्रेणीतल्यापेक्षा लवकर जात होता. पुढे १९८५ पासून दुसरी फेरी झाली, १०,३०८ लोकांची, त्यात बायकाही होत्या. त्यात कामाकडे नीट पाहिलं गेलं: आपलं काम कसं आणि कधी करायचं हे ठरवणं माणसाच्या हातात किती आहे. ज्यांच्या हातात कमी, त्यांना हृदयविकार जास्त.

हे सगळं परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. आणि तरी घरोघरी मिठाचं विचारत हिंडत होते.

तर विपुतल्या मॅडम, विषय जरूर घ्या. पण घेताना प्रश्नावली कोणापुढे ठेवणार आहात ते आधी ठरवा. पैशाचं प्रतिसादात लिहिते, हात दुखले.

तिरकस

वाचलं. सार: गरीब माणसं लवकर मरतात. हे आमच्या आजीला शाळेत न जाता माहीत होतं. त्यासाठी १४ वर्षं?

निंबोळी

@तिरकस, तुमची ख्याती माहीत आहे म्हणून रागावत नाही. आजीला बरोबरच माहीत होतं. पण ‘गरीब लवकर मरतात’ यावर कोणी काही करत नाही, कारण ते पाऊस पडतो तसं ऐकू येतं. ‘दवाखाना ९ ते १२ ऐवजी आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी उघडा ठेवला तर’ यावर भांडता येतं. आमचं काम त्या मोठ्या वाक्याचे असे तुकडे पाडायचं. शिवाय व्हाइटहॉलमध्ये गरीब कोणीच नव्हतं, हे पुन्हा वाचा.

तिरकस

पुन्हा वाचलं. पायऱ्यांचं पटलं. माझी पायरी कितवी ते बघायला हवं.

अक्षरगणित

मी संख्याशास्त्रवाला. या विषयातल्या लोकांबरोबर बरंच काम केलंय, आणि त्यांचे पेपर तपासतोही. नवीन येणाऱ्यांकडून सर्वांत जास्त वेळा होणारी चूक सांगतो.

समजा दोन गटांत मधुमेहाचं प्रमाण वेगळं आहे. विद्यार्थी मॉडेलमध्ये वय टाकतो, ठीक. मग उत्पन्न, शिक्षण, वस्ती, वजन, व्यायाम एकेक करून सगळं टाकतो. शेवटी गटाचा आकडा शून्यावर येतो आणि निष्कर्षात लिहून मोकळा होतो, ‘समायोजनानंतर फरक आढळला नाही’. अरे बाबा, उत्पन्न आणि वस्ती याच तर वाटा आहेत ज्यांनी तो फरक शरीरापर्यंत पोचतो! वाट बुजवलीस आणि म्हणतोस कोणी आलंच नाही. गोंधळ घालणारा घटक (दोन्हीकडे असर करून खोटा संबंध दाखवणारा) कोणता आणि मधला दुवा कोणता, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही. कागदावर बाण काढून आधी ठरवावं लागतं.

दुसरी गोष्ट, दरी मोजायची कशी. काल्पनिक आकडे घेऊ. हजारी बालमृत्यू एका गटात २०, दुसऱ्यात १०. दहा वर्षांनी पहिल्यात १०, दुसऱ्यात ४. वजाबाकी केली तर दरी १० वरून ६ वर आली, पेढे वाटा. भागाकार केला तर दुपटीची अडीचपट झाली, बोंब मारा. दोन्ही खरं. मंत्र्याचा माणूस वजाबाकी छापतो, विरोधक भागाकार. पेपरात दोन्ही द्यावेत, आणि पहिल्या गटाची दहा मुलं वाचली हे त्या भांडणात विसरू नये.

पाऊलवाट

निंबोळी, लेख आवडला. पण मी या क्षेत्रातून बाहेर पडलेय, तेव्हा ती बाजू कोणीतरी मांडायला हवी.

पीएचडीनंतर सहा वर्षं करारावर काढली. दोन वर्षांचा करार, त्यातलं पहिलं वर्ष लोकांशी ओळख होण्यात जातं, दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर पुढची नोकरी शोधायला लागायचं. वस्तीत जाऊन विश्वास मिळवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तुमचं ओळखपत्र रद्द होतं. एका वस्तीत एका आजोबांनी मला विचारलं होतं, ‘तुमच्या आधी आलेल्या मुलीने सांगितलं होतं परत येऊन निकाल सांगते म्हणून. ती तुम्हीच का?’ मी ती नव्हते. पण नंतर मीही परत गेले नाही, कारण करार संपला होता आणि प्रवासखर्चाची तरतूद बंद झाली होती.

त्यांना प्रश्न विचारून माझे चार पेपर झाले. त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. हे रात्री आठवतं. बाकी पगार, पद वगैरेचं एवढं काही नाही.

निंबोळी

@पाऊलवाट, यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझंही एका ठिकाणी असंच झालंय. आता ग्रँटच्या अर्जात ‘निकाल परत नेऊन सांगणे’ असं वेगळं कलम टाकते, दिवस आणि खर्च लिहून. दोनदा तेच कलम कापून आलं. तिसऱ्यांदा राहिलं.

मंद्रसप्तक

निवृत्त प्राध्यापक. तरुण मंडळी करार आणि पदांबद्दल बोलत आहेत म्हणून थोडा इतिहास सांगतो. या विषयात मानाने पद मिळणं हे कधीच सोपं नव्हतं.

१८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञांना फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डातल्या कृष्णवर्णीयांचा अभ्यास करायला नेमलं. हार्वर्डची डॉक्टरेट घेतलेला माणूस. त्यांना पद दिलं ‘सहायक निदेशका’चं, तेही धड नाही, शिकवायला वर्ग नाही. पुढे ड्यू बॉइस यांनीच लिहून ठेवलंय की विद्यापीठाच्या पुस्तिकेत त्यांचं नावसुद्धा छापलं नव्हतं. हा माणूस स्वतः घरोघरी फिरला, सुमारे अडीच हजार कुटुंबांकडे. १८९९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. तोवर मोठमोठे लोक सांगत होते की कृष्णवर्णीयांमध्ये मृत्यू जास्त आहेत ते वंशामुळे. ड्यू बॉइस यांनी आकडे मांडून दाखवलं, की घर, पाणी, काम आणि वागणूक बघा.

निंबोळी, तुमच्या किस्स्यावरून त्यांच्या प्रश्नावल्या आठवल्या. एक नव्हती, सहा होत्या. कुटुंबाची, व्यक्तीची, घराची, गल्लीची, संस्थांची आणि मालकाच्या घरी राहणाऱ्या नोकरांची. गल्लीला आणि संस्थेला वेगळं पत्रक! तुमच्या बाईंना ते फॉर्म पसंत पडले असते.

दुसरं उदाहरण अ‍ॅलिस हॅमिल्टन यांचं. कारखान्यांत शिसं कामगारांच्या अंगात कसं जातं हे त्यांनी कारखान्यांत आणि कामगारांच्या घरी जाऊन शोधलं. १९१९ मध्ये हार्वर्डने त्यांना घेतलं, तिथल्या प्राध्यापकवर्गातली पहिली बाई. अटी काय, तर प्राध्यापकांच्या क्लबात यायचं नाही, पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचं नाही, आणि फुटबॉलची राखीव तिकिटं मागायची नाहीत. तिकिटांची अट ज्याने घातली त्याचं मला फार कौतुक वाटतं.

तिरकस

फुटबॉलची तिकिटं 😂 ही अट कमिटीत मांडून मंजूर झाली असेल ना?

मंद्रसप्तक

झाली असावी, इतिवृत्तासह. बरं, एक राहिलं. आकडे हातात आले म्हणजे काम झालं असं नसतं. ब्रिटनमध्ये १९७७ साली मजूर पक्षाच्या सरकारने सर डग्लस ब्लॅक यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्यातल्या विषमतेवर समिती नेमली. अहवाल तयार होईतो थॅचर यांचं सरकार आलं. १९८० मध्ये, ऑगस्टच्या बँक-सुट्टीच्या सुमारास, टंकलिखित अहवालाच्या जेमतेम २६० प्रती काढल्या. मंत्रिमहोदयांनी प्रस्तावनेतच लिहून टाकलं की सुचवलेला खर्च झेपणारा नाही. अहवाल दाबायचा असा बेत होता. झालं उलटंच. एवढी चोरटी वागणूक बघून पत्रकार आणि डॉक्टर त्यावर तुटून पडले, आणि पुढची चाळीस वर्षं जगभरचे विद्यार्थी तो वाचतायत. सरकारी अहवालाला याहून चांगली प्रसिद्धी मिळत नाही.

रानपाखरू

विपुत विचारणारी ‘मॅडम’ मीच. २५ वर्षांची आहे, मॅडम नको, अगं-तुगं चालेल. डेंटल केलंय, आता सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स संपतंय.

ताई, एक शंका. सगळीकडे वाचते की आरोग्याचा ८० टक्के भाग सामाजिक गोष्टींनी ठरतो आणि दवाखान्यांचा वाटा फक्त २० टक्के. हे माझ्या अर्जाच्या पहिल्याच वाक्यात घातलंय. ठीक आहे ना?

अक्षरगणित

निंबोळींच्या आधी मीच उडी मारतो. काढून टाक ते वाक्य! कारणांचे असे टक्के पाडता येत नाहीत. आग लागायला काडी हवी आणि वाळलेलं गवत हवं. काडीचा वाटा किती टक्के? काडी नसती तर आग नाही, गवत नसतं तरी नाही. दोघांचाही वाटा शंभर. सामाजिक परिस्थिती आणि औषधोपचार यांचं तसंच आहे, एकातून दुसऱ्याचं चालतं. चांगल्या दवाखान्यापर्यंत कोण पोचतो हीच मुळात सामाजिक गोष्ट आहे.

निंबोळी

@रानपाखरू, अक्षरगणित म्हणतात ते अगदी बरोबर. आणि एक कारण माझंही. ‘फक्त २० टक्के’ म्हटलं की दवाखाने चालवणारे सुटतात. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात काम करणारे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहिलं होतं, की चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त लागते तिथेच सर्वांत कमी मिळते, आणि सेवा जेवढी बाजाराच्या हाती तेवढं हे जास्त. त्याला ‘व्यस्त सेवेचा नियम’ म्हणतात. म्हणजे दवाखाना हाही निर्धारकच.

हे विसरायचं नाही याचं ताजं उदाहरण २०१९ चं आहे. अक्षरगणित, तुम्ही सांगा, तुमच्या प्रांतातलं आहे.

अक्षरगणित

तो ओबरमायर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास. अमेरिकेत कोणत्या रुग्णांना जादा देखभालीची गरज आहे हे ठरवायला एक संगणकी सूत्र वापरात होतं. सूत्रात वंश हा रकानाच नव्हता, म्हणून सगळ्यांना ते निष्पक्ष वाटायचं. पण ‘गरज’ मोजायला त्यांनी काय घेतलं होतं? त्या रुग्णावर झालेला खर्च. आता ज्याला डॉक्टर गाठणंच अवघड, त्याच्यावर खर्च कमी होणार. खर्च कमी म्हणजे सूत्राच्या लेखी ठणठणीत. खर्चाऐवजी प्रत्यक्ष आजार मोजले, तर जादा देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीय रुग्णांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जात होतं.

निंबोळींचा तो ‘गैरहजर’ रकाना आणि हा खर्चाचा रकाना एकाच जातकुळीतले. दवाखान्याने काय केलं हे लिहिलेलं असतं आणि आपण वाचतो रुग्णाला काय हवं होतं.

पाऊलवाट

हे शेवटचं वाक्य कोणीतरी मला दहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

तिरकस

पैशाचं राहिलं. तो तिसरा विपुवाला मी होतो.

निंबोळी

मला वाटलंच होतं.

पैसे सरकारी संशोधन संस्था देतात, काही दानशूर ट्रस्ट देतात, थोडे विद्यापीठ देतं. आणि वारा फिरला की आटतात. अमेरिकेत या विषयाचं १९९० मध्ये एक छोटं कार्यालय सुरू झालं, २००० मध्ये त्याचं केंद्र झालं, २०१० मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधली एक स्वतंत्र संस्था झाली. वीस वर्षांत कार्यालयाची संस्था. आणि २०२५ च्या सुरुवातीला त्याच राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी विषमतेवरची कितीतरी अनुदानं अर्ध्यातच रद्द केली. चालू अभ्यास, नेमलेली माणसं, घेतलेली नावनोंदणी, सगळं जागच्या जागी थांबलं. नवीन येणाऱ्याने हे डोळ्यांआड करू नये.

वारा नसतानाही एक छुपी अडचण असते. तिथल्याच अर्जांचा २०१९ मध्ये अभ्यास झाला. कृष्णवर्णीय संशोधकांना अनुदान कमी मिळतं हे २०११ पासून माहीत होतं. का, ते शोधताना दिसलं की फरकाचा २० टक्क्यांहून जास्त भाग नुसत्या विषयाच्या निवडीतून येतो. ते समाज, वस्ती, लोकसंख्या अशा पातळीवरचे विषय जास्त निवडतात, आणि पेशी-रेणूंच्या विषयांच्या मानाने त्या विषयांनाच पैसे कमी मिळतात. म्हणजे विषमतेचा अभ्यास करणाऱ्यांच्या वाट्याला आलेली ही विषमता.

माझा स्वतःचा तोडगा साधा आहे. पोट चालवायला एक बिनवादाचा विषय हाताशी ठेवते. माझा आहे नोंदवह्यांची गुणवत्ता, म्हणजे दवाखान्यातल्या नोंदी कितपत भरवशाच्या. याला कुठलंच सरकार नाही म्हणत नाही. त्या पैशात माणसं टिकतात, आणि नोंदवह्या चाळताना हवं ते सापडतंही. यात थोडी लबाडी आहे, मान्य.

मंद्रसप्तक

लबाडी कसली, युक्ती म्हणा. नोंदवहीत काय लिहायचं हे ज्याने ठरवलं त्याने अर्धा निष्कर्ष ठरवला.

तरुणांना एक सांगतो. १८४८ मध्ये प्रशियाच्या सरकारने २६ वर्षांच्या डॉक्टर रुडॉल्फ फिरशो यांना वरच्या सायलेशियात टायफसची साथ बघायला पाठवलं. तीनेक आठवडे राहिले. सरकारला औषधयोजना हवी होती. फिरशोंनी अहवालात शिक्षण, लोकशाही, तिथल्या लोकांच्या भाषेतला कारभार आणि करांचा बोजा हे सगळं लिहून दिलं. पुढच्याच वर्षी बर्लिनमधली नोकरी गेली. मग वुर्झबर्गने प्राध्यापक केलं, आणि तिथे ते पेशींवर काम करत राहिले. पुढे बर्लिनने परत बोलावलं. म्हणजे बिनवादाचा विषय हाताशी ठेवायची युक्ती जुनीच आहे, फक्त त्यांचा ‘बिनवादाचा विषय’ आधुनिक विकृतिशास्त्राचा पाया निघाला.

रानपाखरू

सगळ्यांचे खूप आभार. ८० टक्के काढलं. ताई, हे माझ्या अर्जातलं मुख्य वाक्य, जरा बघशील? ‘मधुमेही रुग्ण डोळ्यांच्या पडद्याच्या वार्षिक तपासणीला का येत नाहीत, याची कारणे शोधणे.’

निंबोळी

वाक्यातला कर्ता बघ. न येणारा रुग्ण. चौदा वर्षांपूर्वीचं माझंच वाक्य आहे हे, फक्त रक्तदाबाच्या जागी डोळे. कर्ता बदलून लिहून बघ.

रानपाखरू

दोन तास बसले होते. हे बघ: ‘पडदा तपासणीची सोय कोणत्या वारी, किती वेळ आणि किती जणांसाठी ठेवली जाते, ते कोण ठरवतं, आणि त्यामुळे कोण वगळलं जातं?’

पण आता वेगळीच पंचाईत. आमच्याकडच्या नोंदी चाळल्या. रुग्णाचं वय, शिक्षण, काम, वजन, साखर, गोळ्या, सगळं आहे, नातेवाइकाचा फोनसुद्धा. तपासणीचं यंत्र वर्षातून किती दिवस बंद होतं, ते कुठेच लिहिलेलं नाही. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, ‘असतं कधी चालू, कधी बंद’. त्या दिवशी आलेल्यांना परत पाठवतात, आणि नोंद होते ‘तपासणी झाली नाही’.

अक्षरगणित

दुरुस्तीची बिलं! यंत्र बंद पडलं की कोणीतरी येऊन दुरुस्त करतं, त्याचं बिल निघतं, बिलावर तारीख असते. तक्रार कधी केली आणि दुरुस्त कधी झालं, दोन्ही असतात बहुधा. त्या तारखा आणि ‘तपासणी झाली नाही’च्या तारखा शेजारीशेजारी लाव.

पाऊलवाट

आणि परत पाठवलेल्यांपैकी पुढे कोण पुन्हा आलं, कोण नाही, तेही. दुसऱ्यांदा येणं कोणाला परवडतं ते तिथेच दिसेल. (मी बाहेर पडलेय ना? हो, पडलेय.)

रानपाखरू

बिलं!! डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच हिशेब विभागात जाऊन मागते. दिली नाहीत तर परत इथे येऊन रडते.

तिरकस

लवकर जा. सकाळी ९ ते १२ असेल.